दिवसाला दोनच सूचना : घरच्या कॅमेऱ्यांसाठी फ्रिगेट बसवताना

कोकणातल्या गावच्या घरी पहिला कॅमेरा लावला त्या आठवड्यात माझ्या फोनवर दिवसाला शंभराच्या वर सूचना येत होत्या. झावळ हलली, सूचना. मांजर कुंपणाच्या गडग्यावरून गेलं, सूचना. रात्री पावसाळी किडे दिव्याभोवती जमले की मग तर विचारूच नका. तिसऱ्या दिवशी मी सूचनांचा आवाज बंद केला. आवाज बंद केलेला कॅमेरा ही भिंतीवरची शोभा असते, दुसरं काही नाही. त्यातच वडिलांचा फोन आला, "तुझो कॅमेरो माकाच चोर समजता!" सकाळी खळ्यात पाणी शिंपायला ते बाहेर पडले की ॲप किंचाळायचं.

त्या कॅमेऱ्याची दुसरी खोड जास्त त्रासाची होती. चित्रीकरण कंपनीच्या सर्व्हरवर जायचं, त्यामुळे इंटरनेट गेलं की रेकॉर्डिंग बंद. आमच्याकडे जूनमध्ये पहिलं वादळ आलं की इंटरनेट जातं, आणि नेमकी तेव्हाच घराची काळजी वाटते.

आता तिथे चार कॅमेरे आहेत, जेवणाच्या डब्याएवढा एक संगणक आहे आणि त्यावर फ्रिगेट नावाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चालतं. रेकॉर्डिंग घरातच राहतं, मासिक वर्गणी नाही आणि दिवसाला दोन-तीनच सूचना येतात. तिथवर पोचायला काय काय करावं लागलं, ते क्रमाने सांगतो. लिनक्सची भीती नसावी, एवढीच अपेक्षा. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही.

फ्रिगेटच का

मुक्तस्रोतात पर्याय बरेच आहेत. झोनमाइंडर २००२ पासून आहे आणि आजही चालतं. एखादा यूएसबी कॅमेरा आणि पडून असलेला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) एवढंच हाताशी असेल तर मोशनआय बसवा, अर्ध्या तासात काम होईल. शिनोबीही आहे. पण या मंडळींचा मूळ पाया चित्रातला बदल मोजणं हा. मागच्या फ्रेममधले ठिपके आणि या फ्रेममधले ठिपके वेगळे दिसले की हालचाल झाली. झावळ आणि चोर यांत या हिशेबाला फरक दिसत नाही.

फ्रिगेट दोन पायऱ्यांत काम करतं. आधी स्वस्तातली चाचणी: कुठे काही हललं का? हललं असेल तर फक्त तेवढा चौकोनी तुकडा कापून वस्तू ओळखणाऱ्या मॉडेलकडे पाठवतं आणि विचारतं, हे काय आहे? माणूस, गाडी, कुत्रा, गाय की काहीच नाही? मॉडेल दर सेकंदाला पूर्ण चित्र चघळत बसत नाही, म्हणून लहानशा संगणकावर चार-पाच कॅमेरे आरामात चालतात.

आधी कागद, मग ड्रिल

कॅमेरे मागवण्याआधी घराचा आराखडा कागदावर काढा आणि प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारा: इथे मला चेहरा ओळखायचा आहे, की कोणी आलं एवढंच कळायला हवं? दोन्ही कामं एका कॅमेऱ्याने होत नाहीत. २.८ मिलिमीटरची लेन्स शंभर अंशांच्या आसपासचा रुंद टापू दाखवते, पण वीस-पंचवीस फुटांपलीकडचा माणूस त्यात काडेपेटीएवढा दिसतो. फाटकावरचा चेहरा हवा असेल तर ४ किंवा ६ मिलिमीटरची लेन्स घ्या आणि कॅमेरा फाटकाकडेच रोखा.

उंची आठ-नऊ फूट ठेवा. कोणी तोडेल या भीतीने लोक कॅमेरा पार छपराच्या टोकाला लावतात आणि मग टोप्या नि टकलं रेकॉर्ड करतात. पूर्वेकडे तोंड असलेला कॅमेरा सकाळी तासभर आंधळा असतो, हेही आधीच बघून ठेवा. मी ते भोक पाडल्यावर बघितलं.

याच कागदावर शेजाऱ्याचं दार, त्याची खिडकी आणि विहिरीचा काठ लाल पेन्सिलने रंगवा. तिकडे कॅमेरा जायचा नाही. घरगुती कारणासाठी एखाद्या व्यक्तीने केलेला वापर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे, हे खरं. पण त्यामुळे दुसऱ्याच्या खासगीपणावर हक्क मिळत नाही. बाईमाणसाच्या खासगी क्षणांचं चोरून चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. वडिलोपार्जित घर भावाभावांत असेल तर आणखी एक गोष्ट: सहमालकाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका कौटुंबिक वादात दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. कोकणात सामाईक घरं किती आहेत, ते मी सांगायला नको. काकांना आधी फोन करा.

कॅमेरा घेताना

दुकानात मेगापिक्सेल विचारू नका, "आरटीएसपी आहे का?" हे विचारा. कॅमेऱ्याचं चित्र स्थानिक नेटवर्कवर थेट मिळवण्याची ही पद्धत. ती नसेल तर तो कॅमेरा फक्त त्याच्या ॲपचा गुलाम आहे आणि फ्रिगेटला त्याचा उपयोग शून्य. ऑनव्हिफचा, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच भाषेत बोलतील अशा मानकाचा, शिक्का असेल तर बहुधा आरटीएसपी असतंच. बॅटरीवर चालणारे कॅमेरे टाळा. ते झोपलेले असतात आणि आपल्याला अखंड प्रवाह हवा आहे.

दुसरी अट, कॅमेऱ्यातून दोन स्ट्रीम एकाच वेळी निघाव्यात. मुख्य स्ट्रीम मोठ्या चित्राची, रेकॉर्डिंगसाठी. सब-स्ट्रीम छोट्या चित्राची, ६४० बाय ४८० च्या आसपास, ओळखण्याच्या कामासाठी. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यात पत्त्याच्या शेवटी १०१ म्हणजे मुख्य आणि १०२ म्हणजे सब. दाहुआच्या पत्त्यात सबटाइप ० म्हणजे मुख्य, १ म्हणजे सब. सीपी प्लसच्या कित्येक मॉडेलांनाही तोच साचा चालतो. टापोमध्ये स्ट्रीम१ आणि स्ट्रीम२ असतं, पण आधी ॲपमध्ये जाऊन त्या कॅमेऱ्याचं वेगळं खातं तयार करावं लागतं. टापोचं मुख्य लॉगिन तिथे चालत नाही, यात बरेच जण अडकतात.

एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली आहे. जुना साठा स्वस्तात खपवायला निघालेल्या विक्रेत्याला प्रमाणपत्राबद्दल जरूर विचारा.

कॅमेरा घरी आला की भिंतीवर चढवण्याआधी टेबलावर ठेवून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये नेटवर्क स्ट्रीम उघडून बघा. पत्ता, पोर्ट ५५४, नाव, पासवर्ड. चित्र दिसलं तर पुढे जा. इथे माझी एक संध्याकाळ गेली. कॅमेरा ठीक, केबल ठीक, पण चित्र काही येईना. शेवटी लक्षात आलं की पासवर्डमध्ये मी हौसेने ॲट द रेटचं चिन्ह टाकलं होतं. पत्त्यात पासवर्ड संपून कॅमेऱ्याचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) कुठे सुरू होतो, हे त्याच चिन्हावरून ठरतं. पासवर्ड लांब ठेवा, पण फक्त अक्षरं आणि आकडे.

मग कॅमेऱ्याच्या स्वतःच्या वेब पानावर जाऊन चार गोष्टी बदला. व्हिडिओ आकसून साठवण्याची पद्धत एच.२६४ ठेवा. एच.२६५ ला जागा कमी लागते, पण सगळे ब्राउझर ते दाखवत नाहीत. "स्मार्ट कोडेक" किंवा नावापुढे अधिकचं चिन्ह असलेला प्रकार बंद करा. आय-फ्रेमचं, म्हणजे दोन पूर्ण चित्रांमधलं, अंतर फ्रेम रेटएवढंच ठेवा, म्हणजे १५ फ्रेम असतील तर १५. हे अंतर मोठं असलं की थेट चित्र उघडायला वेळ लागतो आणि क्लिप भलत्याच जागी कापली जाते. आणि सब-स्ट्रीमचा फ्रेम रेट ५ करा. माणूस चालत अंगण ओलांडायला काही सेकंद घेतो, त्याला ओळखायला सेकंदाला पाच चित्रं पुष्कळ झाली.

तारा

वायफाय कॅमेरा बसवायला सोपा आणि नंतर सांभाळायला कठीण. जांभ्याच्या दोन भिंती मध्ये आल्या की सिग्नलचं काय होतं ते आमच्या घरात कोणालाही विचारा. शक्य असेल तिथे पीओई घ्या, म्हणजे एकाच नेटवर्क केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही. साध्या ८०२.३एएफ मानकात नेटवर्क स्विचच्या प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट मिळतात, कॅमेऱ्याला ते भरपूर झाले. केबलची लांबी १०० मीटरच्या आत हवी.

केबल घेताना मात्र कंजूषपणा नको. बाजारात सीसीए नावाने मिळणारी केबल म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. टेबलावर ती चालते, पण लांब अंतरावर पीओईची वीज तिच्यातून नीट पोचत नाही आणि रात्री अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. शुद्ध तांब्याची कॅट-६ घ्या.

भिंतीतून केबल आत घेताना बाहेरच्या बाजूला तिला खाली झोळ द्या आणि मग वर भोकात न्या. पाणी झोळाच्या तळाशी थेंबथेंब गळून पडतं, भोकातून घरात येत नाही. जोड उघडा ठेवायचा नाही, कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स हवाच. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पिना हिरव्या पडतात.

संगणक आणि डिस्क

इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी किंवा ऑफिसातून निघालेला सहाव्या पिढीनंतरचा आय-५ डेस्कटॉप, दोन्ही उत्तम. ओळखण्याचं काम इंटेलच्या चिपमधलाच ग्राफिक्स भाग ओपनव्हिनो हे इंटेलचंच सॉफ्टवेअर वापरून करतो, त्यामुळे पूर्वी सगळे जी कोरल नावाची गुगलची वेगळी यूएसबी काडी शोधत फिरायचे, तिची आता गरज नाही. रास्पबेरी पायवरही फ्रिगेट चालतं, पण पाय ५ मध्ये एच.२६४ उलगडणारा हार्डवेअर भागच नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. नवीनच घ्यायचं असेल तर मी मिनी पीसी घेईन. मेमरी ८ जीबी बस.

डिस्कचा हिशेब तोंडी करता येतो. स्ट्रीमचे मेगाबिट प्रतिसेकंद गुणिले १०.८, म्हणजे दिवसाचे जीबी. २ मेगाबिटचा कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो. असे चार कॅमेरे ८६.४ जीबी, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर अकरा दिवसांच्या वर अखंड रेकॉर्डिंग मावतं. सिस्टीम लहान एसएसडीवर ठेवा आणि रेकॉर्डिंगसाठी वेगळी, देखरेखीसाठी बनवलेली हार्ड डिस्क घ्या. डब्ल्यूडी पर्पल आणि सीगेट स्कायहॉक ही त्यातली नेहमीची नावं. मेमरी कार्डावर अखंड रेकॉर्डिंग करू नका, कार्ड लिहून लिहून मरतं.

विजेचं बघू. मिनी पीसी, स्विच आणि चार कॅमेरे मिळून ४० वॉटच्या आसपास जातात, म्हणजे दिवसाला साधारण एक युनिट. सगळं इन्व्हर्टरवर घ्या आणि इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा, नाहीतर वीज जाताना जो क्षणभर खंड पडतो तेवढ्यात संगणक रिस्टार्ट होतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, "वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हा" ही सेटिंग शोधून चालू करा. ही एक ओळ विसरलात तर पाचशे किलोमीटरवरून शेजाऱ्याला फोन करावा लागतो, "जरा आमच्या माजघरात जाऊन तो काळा डबा चालू करता का?"

कॅमेऱ्यांना बाहेरची हवा नको

२०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर (डीव्हीआर) ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरात त्याच फौजेने डीन या, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या (डीएनएस) कंपनीवर हल्ला करून ट्विटरसारखी संकेतस्थळं तासन्‌तास पाडली. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली दृश्यं यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरताना सापडली. कॅमेरा इंटरनेटवर उघडा ठेवला की तो फक्त तुमचा राहत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला, कंपनीची क्लाउड किंवा पी२पी (बाहेरून थेट कॅमेऱ्याशी जोडणारी) सेवा बंद करा आणि राउटरमध्ये जाऊन कॅमेऱ्यांचं इंटरनेट बंद करा. व्हीलॅन, म्हणजे कॅमेऱ्यांसाठी वेगळं आभासी नेटवर्क, जमत असेल तर फारच छान. नसेल तर घरगुती राउटरमधलं पालक-नियंत्रण वापरा: मुलांचा टॅब जसा अडवता तसा कॅमेरा अडवा, घरातल्या नेटवर्कवर तो चालूच राहतो. एवढं केल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ हळूहळू चुकायला लागतं, कारण वेळ विचारायला त्याला बाहेर जाता येत नाही. मिनी पीसीवर क्रोनी हे वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर बसवून त्यालाच वेळेचा सर्व्हर करा आणि कॅमेऱ्यांच्या एनटीपीच्या रकान्यात त्याचा आयपी लिहा. राउटरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी कायमचा राखून ठेवा, हे ओघाने आलंच.

फ्रिगेट बसवणं

मिनी पीसीवर डेबियन लिनक्स टाका, ग्राफिकल डेस्कटॉपशिवाय. त्यावर डॉकरच्या अधिकृत सूचनांप्रमाणे डॉकर (सॉफ्टवेअर बंदिस्त डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) आणि त्याच्या सेटिंगची फाइल वाचणारं कंपोझ टाका. फ्रिगेटच्या दस्तऐवजात कंपोझ फाइलचा नमुना आहे, तो तिथूनच उचला. कुणाच्या जुन्या व्हिडिओतून उतरवून घेऊ नका, आवृत्तीगणिक ओळी बदलतात. नमुन्यात लक्ष घालायच्या जागा मोजक्या आहेत.

एक, कॉन्फिग फोल्डर एसएसडीवर आणि मीडिया फोल्डर मोठ्या डिस्कवर जोडा. उलटं झालं तर काही दिवसांत एसएसडी भरते. दोन, ग्राफिक्सचं उपकरण कंटेनरला द्या, डीआरआय फोल्डरमधलं रेंडरडी१२८. हे राहिलं तर सगळं चालतं, पण प्रोसेसर शंभर टक्क्यांवर तापत बसतो आणि कारण सापडत नाही. तीन, सामाईक मेमरी. डॉकरचा मूळ आकडा ६४ एमबी आहे, चार कॅमेऱ्यांना तो कमी पडून "बस एरर" येऊन फ्रिगेट कोसळतं. २५६ एमबी लिहा. चार, वेळेचं क्षेत्र एशिया-कोलकाता. पाच, रिस्टार्टचं धोरण असं ठेवा की मुद्दाम थांबवलं नाही तर कंटेनर आपणहून उठेल.

पोर्टांबद्दल एक कडक सूचना. ५००० हे पोर्ट पासवर्ड न विचारता सगळं उघडून देतं, ते बाहेर काढूच नका. ८९७१ हे लॉगिनवालं. पहिल्यांदा सुरू केल्यावर ॲडमिनचा पासवर्ड कंटेनरच्या लॉगमध्ये छापून येतो. तो तिथून उचला, ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून ८९७१ उघडा, प्रमाणपत्राचा इशारा ओलांडा आणि आत जाऊन पासवर्ड बदला.

मग कॉन्फिग. ती वायएएमएल पद्धतीची फाइल आहे आणि फ्रिगेटच्या पानावरच तिचा संपादक आहे, चूक असेल तर जतन करतानाच सांगतो. समास दोन-दोन स्पेसचा, टॅब चालत नाही. एमक्यूटीटी (इतर सॉफ्टवेअरला निरोप पाठवायची पद्धत) वापरणार नसाल तर ते बंद असल्याचं लिहा. डिटेक्टर म्हणून ओपनव्हिनो आणि उपकरण म्हणून जीपीयू लिहा. व्हिडिओ उलगडण्यासाठी इंटेलचा व्हीए-एपीआय प्रीसेट द्या.

कॅमेऱ्यांचे पत्ते आधी गो२आरटीसी या विभागात लिहा. हा फ्रिगेटच्या पोटातलाच एक मध्यस्थ आहे: कॅमेऱ्याकडून स्ट्रीम एकदाच घेतो आणि रेकॉर्डिंग, ओळखणं, तुमचा फोन, सगळ्यांना वाटतो. स्वस्त वायफाय कॅमेऱ्यांना दोन-तीन जोडण्या झाल्या की धाप लागते, त्यांना हा मध्यस्थ वाचवतो. पुढे प्रत्येक कॅमेऱ्याखाली मुख्य स्ट्रीमला रेकॉर्डची भूमिका आणि सब-स्ट्रीमला डिटेक्टची. ओळखणं आणि रेकॉर्डिंग दोन्ही चालू असल्याचं स्पष्ट लिहा, गृहीत धरू नका.

एकच कॅमेरा जोडून आधी दोन दिवस चालू द्या. चारही एकदम जोडले की कुठे चुकलं ते कळत नाही.

शांत करणं

इथपर्यंतचं काम एका शनिवार-रविवारी होतं. खरं काम पुढचे पंधरा दिवस चालतं, आणि बहुतेक लोक इथेच सोडून देतात.

फ्रिगेट मूळ सेटिंगमध्ये फक्त माणसाचा माग काढतं. गाडी, कुत्रा, गाय हवी असेल तर नावानिशी यादीत घालावं लागतं. सोबत येणारं मॉडेल कोको नावाच्या चित्रसंचावर शिकलेलं आहे. त्यात जिराफ आहे, झेब्रा आहे, पण माकड नाही. आमच्या आंब्यांचे आणि नारळांचे खरे चोर त्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. बिबट्याही नाही. रिक्षासुद्धा नाही, तिला ते मनाला येईल ते समजतं. मॉडेलच्या मर्यादा आधी कळलेल्या बऱ्या.

आता तीन हत्यारं, आणि त्यांची गल्लत करायची नाही. मोशन मास्क म्हणजे या भागातली हालचाल मोजू नका. तो फक्त चित्रावरच्या तारीख-वेळेवर, आभाळावर आणि सतत हलणाऱ्या झाडाच्या शेंड्यावर लावा. पुष्कळ जण रस्त्यावर मोशन मास्क लावतात आणि तरी रस्त्यावरची माणसं का दिसतात म्हणून चिडतात. हालचाल अंगणात सुरू झाली की ओळखण्याचा चौकोन रस्त्यापर्यंत पोचतोच. शिवाय मास्क जास्त झाले की खऱ्या माणसाचा मागही मध्येच तुटतो.

रस्ता वगळायचं हत्यार म्हणजे झोन. अंगणावर बहुभुज काढा, त्याला नाव द्या आणि माणूस या झोनमध्ये शिरला तरच इशारा, असं लिहा. झोनमध्ये आहे की नाही, हे माणसाभोवतीच्या चौकटीच्या खालच्या कडेच्या मध्यबिंदूवरून ठरतं, म्हणजे ढोबळमानाने पावलांवरून. म्हणून झोन जमिनीवर काढायचा, माणूस जिथे दिसतो त्या हवेवर नाही. आमच्या गडग्यापलीकडच्या वाटेने जाणाऱ्याचं फक्त डोकं आणि खांदे दिसतात, त्यामुळे त्याच्या चौकटीची खालची कड येते बरोबर गडग्याच्या माथ्यावर. माझा झोन गडग्याला चिकटून होता. शाळा सुटली की ओळीने वीस सूचना. झोनची कड गडग्यापासून हातभर आत घेतली आणि शाळा शांत झाली.

तिसरं हत्यार म्हणजे एखाद्या वस्तूपुरता मास्क: या जागी माणूस दिसला तर तो माणूस नव्हे. हे मला बुजगावण्याने शिकवलं. वडिलांनी वाफ्यात जुना सदरा घालून बुजगावणं उभं केलं, आणि फ्रिगेटने वारा सुटेल तेव्हा त्याला माणूस ठरवायला सुरुवात केली. एका पहाटे तर ८१ टक्के खात्रीने. बुजगावण्याचं काम त्याने चोख केलं म्हणायचं. त्याच्या पायाशी छोटासा मास्क टाकला आणि विषय संपला. दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यालाही तोच उपाय.

याउपर चुका उरल्या तर गाळण्या आहेत. माणूस ठरायला लागणारा उंबरठा मुळात ०.७ आहे, तो ०.७५ करून बघा. किमान क्षेत्रफळ लिहा, म्हणजे लांबची सावली गळते; कमाल लिहा, म्हणजे लेन्सवरून चालणारी पाल. आकडे अंदाजाने ठोकू नका. फ्रिगेटमध्ये प्रत्येक नोंदीसोबत तिचा गुणांक दिसतो, आठवडाभराच्या खऱ्या आणि खोट्या नोंदी समोर ठेवा आणि मधली रेघ शोधा.

लांबून बघणं

पूर्वी लोक राउटरवर पोर्ट उघडायचे. ते करू नका. तसंही आपल्याकडच्या पुष्कळ घरगुती जोडण्या सीजीनॅटमागे असतात, म्हणजे एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो, तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळतच नाही आणि पोर्ट उघडून काही होत नाही. टेलस्केल हा सोपा उपाय, तुमच्या उपकरणांमध्ये खासगी जाळं विणणारं सॉफ्टवेअर. तो वायरगार्ड या व्हीपीएनवर उभा आहे आणि सीजीनॅटमागूनही चालतो. मिनी पीसीवर आणि फोनवर बसवा, दोन्हीकडे एकाच खात्याने शिरा, झालं. टेलस्केलचा मध्यवर्ती सर्व्हर मुक्तस्रोत नाही. त्याचा त्रास होत असेल तर हेडस्केल हा त्याचा मुक्तस्रोत पर्याय स्वतः चालवता येतो, पण गावच्या घरासाठी एवढा खटाटोप मी केला नाही.

सूचना फ्रिगेट स्वतः ब्राउझरमार्फत फोनवर पाठवू शकतं, त्यासाठी विश्वासार्ह प्रमाणपत्राचं एचटीटीपीएस लागतं आणि ते टेलस्केलमधूनच मिळवता येतं. घरी होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर त्यातून पाठवा. तिथे अटी जास्त बारीक लावता येतात: सकाळी सहा ते रात्री नऊ खळ्यातला कॅमेरा गप्प, मागच्या दाराचा मात्र चोवीस तास. वडिलांची तक्रार मिटली ती या ओळीने.

काही घडलंच तर

रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं ते दोन थरांत लिहा. अखंड चित्रीकरण सात दिवस, इशारे असलेले तुकडे तीस दिवस. डिस्क भरत आली की फ्रिगेट सर्वांत जुनं आपोआप पुसतं, म्हणून घटना घडल्या घडल्या तेवढा भाग एक्स्पोर्ट करा. फोल्डरमध्ये शिरून फाइली शोधत बसू नका. तिथली तासांची नावं यूटीसी या जागतिक वेळेप्रमाणे असतात, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. रात्री दोनची चोरी तुम्हाला आदल्या दिवसाच्या रात्री साडेआठच्या सुमारास सापडेल, आणि तीही दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत.

क्लिप पोलिसांना देण्याआधी तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा बोटांच्या ठशासारखा आकडा) काढून लिहून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅशचा रकाना आहे. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली क्लिप आकसलेली असते, तिचा हॅश मूळ फाइलशी जुळणार नाही.

पावसाळ्याआधीचा रविवार

मे महिन्याच्या शेवटी आंबे उतरले की मी दोन कामं करतो. पहिलं, मुख्य स्विच पाडून वीस मिनिटं थांबतो. इन्व्हर्टर धरतो का, कॅमेरे चालू राहतात का, बघतो. मग इन्व्हर्टरही बंद करतो, पाच मिनिटांनी सगळं परत चालू करतो आणि कशालाही हात न लावता फोनवर चित्र येण्याची वाट बघतो. गेल्या वर्षी चार मिनिटं लागली. भाऊ तेवढ्यात मागच्या दाराने काजूच्या बागेत जाऊन येतो. त्याची सूचना आली की ही चाचणी पास.

दुसरं काम कोळ्याच्या जाळ्यांचं. इन्फ्रारेड दिव्याला किडे येतात, किड्यांना खायला कोळी येतो, आणि लेन्ससमोरचं एक चमकतं सूत रात्रभर हालचाल म्हणून नोंदलं जातं. बांबूला रंगाचा रुंद ब्रश बांधून दर पंधरा दिवसांनी जाळी झाडावी लागतात. याला कुठलंही सॉफ्टवेअर नाही. आमच्याकडे ते काम वडिलांकडे आहे, आणि ते झाडत असताना त्यांचा मोठ्ठा चेहरा माझ्या फोनवर येतो.